विधानाचा नकार काढताना नेमकं काय बदलायचं?

काटेकोर:
तर्कक्षमता चाचणीच्या सरावसंचातली दोन विधानं. पहिलं, "फलकावरचे सर्व दिवे चालू आहेत." उत्तरसूचीत नकार दिलाय "किमान एक दिवा बंद आहे". "सर्व दिवे बंद आहेत" का नाही? दुसरं, "जर पाऊस पडला तर सामना रद्द होईल." उत्तर: "पाऊस पडेल आणि तरीही सामना रद्द होणार नाही." इथे जर-तर गेलं कुठे आणि "आणि" आलं कुठून? सराव कसा करावा तेही सांगा.

सत्यकोष्टक:
विरुद्ध टोकाचं विधान म्हणजे नकार नव्हे. कसोटी एकच: कुठल्याही परिस्थितीत मूळ विधान आणि नकार यांतलं बरोबर एकच खरं असायला हवं. दोन्ही खरी चालणार नाहीत, दोन्ही खोटीही नाहीत.

फलकावर तीनच दिवे आहेत असं धरा. चालू-बंदच्या ८ शक्यता होतात. "सर्व चालू" त्यांतल्या एकीतच खरं, म्हणजे नकार उरलेल्या सातही शक्यतांत खरा हवा. "सर्व बंद" हेही एकाच शक्यतेत खरं. मधल्या ६ शक्यतांत दोन्ही विधानं खोटी पडतात. "किमान एक बंद" बरोबर त्या सातांत खरं ठरतं. पर्यायांत "काही दिवे चालू आहेत" असेल तर तेही खोडा. तर्कात "काही" म्हणजे किमान एक, त्यामुळे सगळे चालू असतानाही ते खरंच राहतं.

जर-तरचं असं: पाऊस आणि सामना यांच्या चार जोड्या लिहा. मूळ विधान एकाच जोडीत मोडतं, पाऊस पडला आणि सामना रद्द झाला नाही. पाऊस पडलाच नाही तर सामन्याचं काहीही होवो, विधान खोटं ठरत नाही. म्हणून नकारही त्या एकाच जोडीत खरा हवा, आणि ते सांगायला "आणि" लागतं. "जर पाऊस पडला तर सामना रद्द होणार नाही" हा सर्वांत फसवा पर्याय. तो तीन जोड्यांत खरा आहे, त्यांतल्या दोन (पाऊस नसलेल्या) मूळ विधानाशी सामाईक. "पाऊस पडला नाही तर सामना रद्द होणार नाही" याचीही तीच गत. साध्या जर-तरच्या नकारात पुन्हा जर-तर दिसलं की पर्याय बेलाशक बाद करा.

उलटतपासणी:
वरच्याला पुस्ती. मराठीत "सर्व उमेदवार उत्तीर्ण झाले नाहीत" असं लिहून नकार झाला असं समजू नका. त्याचे दोन अर्थ लागतात: एकही झाला नाही, किंवा सगळेच झाले असं नाही. त्यापेक्षा आख्खं विधान लिहून शेवटी "हे खरं नाही" जोडा आणि तो नकार एकेक पायरी आत ढकला. "सर्व" ओलांडताना त्याचं "किमान एक" होतं, "काही"चं "एकही नाही". "आणि"चं "किंवा" होतं आणि दोन्ही भाग उलटतात (डी मॉर्गनचा नियम). "अहवाल वेळेवर आला आणि पूर्ण होता" याचा नकार "अहवाल वेळेवर आला नाही किंवा अपूर्ण होता". घाईत "आणि" तसंच राहतं, गुण बहुधा तिथेच जातात.

दुपदरी विधानातही हेच. "प्रत्येक कुलूप कोणत्या ना कोणत्या किल्लीने उघडतं" याचा नकार: "एक तरी कुलूप असं आहे जे एकाही किल्लीने उघडत नाही." क्रम तोच ठेवा, कुलूप आधी, किल्ली नंतर.

आकड्यांत काठावरची संख्या सांभाळा. "किमान ३" चा नकार "जास्तीत जास्त २", "५ पेक्षा जास्त" चा "५ किंवा कमी", "नेमके ३" चा "३ पेक्षा कमी किंवा जास्त".

सरावाला एका बैठकीत दहा विधानं पुरेत. प्रत्येकापुढे आधी ते खोटं पाडणारी एक परिस्थिती लिहा, मग नकार. त्यानंतर त्या नकाराचा नकार काढा. मूळ विधान परत आलं नाही तर कुठेतरी घसरलंय. घड्याळ लावायचं ते दहाही बिनचूक येऊ लागल्यावर.

काटेकोर:
"फक्त सभासदांनाच प्रवेश आहे" याचा नकार "सभासदांना प्रवेश नाही" असा होईल का?

सत्यकोष्टक:
नाही. आधी ते "ज्याला प्रवेश आहे तो सभासद आहे" असं मांडा. आता "सर्व"चाच नियम लागतो: "प्रवेश असलेली किमान एक व्यक्ती सभासद नाही." प्रत्येक सभासदाला प्रवेश मिळतो असं मूळ विधान म्हणतच नाही, त्यामुळे सभासद दाराबाहेर राहिला तरी ते खोटं पडत नाही.

उलटतपासणी:
गृहीतकांच्या प्रश्नांतही हे कामी येतं. पर्यायाचा नकार काढून युक्तिवादात घाला. निष्कर्ष कोसळला तर ते गृहीतक आवश्यक. फक्त "काही ग्राहक परत येतील" याच्या जागी "काही ग्राहक परत येणार नाहीत" घालू नका, दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. "एकही ग्राहक परत येणार नाही" हेच घालायचं.