किडीला औषधाची सवय लागत नसते
भावा, वर तू म्हटलायस की किडीला औषधाची सवय लागते, तसं नसतंय. आमच्या शिरोळकडं कोबीवर चौकोनी ठिपक्यांचा पतंग पडतो, पान हलवलं की त्याची बारीक हिरवी अळी धाग्याला लोंबकळते बघ. तिच्यावर एकच औषध सारखं मारलं की बहुतेक मरतात, पण ज्यांच्यात मुळातच ते पचवायची ताकद असते त्या उरतात आणि पुढची सगळी पिल्लावळ त्यांचीच, म्हणजे आपणच चांगलं कणीस बघून बियाणं धरावं तशी चिवट कीड निवडतोय! उन्हाळ्यात पिढी दोन-तीन आठवड्यांत होते. अमेरिकेत मेलँडर नावाच्या कीटकशास्त्रज्ञानं हे १९१४ लाच मांडलंय. डोस वाढवू नका, बाटलीवरचा घटक वाचून औषधाचा गटच बदला, म्हणजे किडीला वेगळ्या पद्धतीनं मारणारं औषध घ्या.