मदत हवी आहे: दोन एकसारख्या कंट्रोलरचा खेळाडू क्रमांक कायम कसा ठेवावा?

नमस्कार. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर रेट्रोआर्च (जुन्या गेम यंत्रांचे खेळ चालवणारा प्रोग्राम) बसवून मी सुपर निन्टेंडो या जुन्या गेम यंत्रावरचे चौघांनी मिळून खेळायचे खेळ घरी सुरू केले आहेत. मूळ यंत्राला कंट्रोलरचे दोनच पोर्ट असल्यामुळे चौघांसाठी मल्टिटॅप (एका पोर्टला अनेक कंट्रोलर जोडणारे उपकरण) लागत असे. त्यानुसार रेट्रोआर्चच्या स्नेस९एक्स कोअरमध्ये (सुपर निन्टेंडोची नक्कल करणारा भाग) दुसऱ्या पोर्टसाठी मल्टिटॅप निवडला आणि चारही कंट्रोलर चालू लागले.

अडचण पुढे आहे. त्यांपैकी दोन यूएसबी कंट्रोलर एकाच बनावटीचे असून त्यांचे नाव, व्हेंडर आयडी व प्रॉडक्ट आयडी (निर्माता व उत्पादन ओळखण्याचे क्रमांक) तंतोतंत सारखे आहेत. त्यामुळे यंत्र पुन्हा सुरू केल्यावर ते ज्या क्रमाने सापडतात त्याच क्रमाने त्यांना खेळाडू क्रमांक मिळतो, आणि कधीकधी मुलीच्या हातातला कंट्रोलर तिच्या आजोबांचा खेळाडू हलवू लागतो. दर वेळी सेटिंगमध्ये जाऊन डिव्हाइस इंडेक्स (कोणत्या खेळाडूला कोणता कंट्रोलर हे ठरवणारा क्रमांक) बदलणे बाबांना जमत नाही, आणि मी घरी नसतानाही त्यांना नातीबरोबर निर्धास्तपणे खेळता यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

कंट्रोलर कोणत्या यूएसबी पोर्टात जोडला आहे, यावरून यूडेव्हच्या (लिनक्समध्ये जोडलेली उपकरणे हाताळणारी व्यवस्था) नियमाने क्रम पक्का करता येतो का? केवळ सिमलिंक (उपकरणाच्या फाइलला दिलेले पर्यायी नाव) दिल्याने रेट्रोआर्चमधील क्रम बदलला नाही. कोणी हे प्रत्यक्ष केले असल्यास नियमाची ओळ कृपया द्यावी.