सातबाऱ्यावर मामांनी आईचं नावच लावलं नाही, काय करावं?

शेंगाचटणी
आजोबा 2003 साली वारले, मृत्युपत्र नाही. मोहोळ तालुक्यात वडिलोपार्जित शेती आहे. वारस नोंदीत फक्त दोन्ही मामा. आई आणि मावशी गायब. दोघींनी कुठंही सही केलेली नाही. आता जमीन विकायला काढलीय. मामा आईला म्हणतात, "आपले वडील 2005 च्या आधी गेले, मुलींचा कायदा तुला लागू नाही." आईला माहेर तुटायची भीती. सोलापुरातला चांगला वकील सुचवा.

हुरडा
मामांचा कायदा जुना झाला. विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलंय: मुलीचा हक्क जन्मापासूनचा, 9 सप्टेंबर 2005 रोजी, म्हणजे मुलींचा कायदा लागू झाला त्या दिवशी, वडील हयात असण्याची अट नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत वाटणी किंवा कोर्टाचा हुकूमनामा झाला असेल तर गोष्ट वेगळी. नुसतं "तोंडी वाटलं होतं" म्हणून सहसा भागत नाही. शिवाय आजोबांच्या स्वतःच्या हिश्शाला मुलगी 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच वारस आहे.

जुना_कारकून
आधी त्या फेरफाराची, म्हणजे वारस नोंदीच्या कागदाची, नक्कल काढा, वारसांचा जबाब कुणी दिला ते बघा. प्रांताकडे अपील करता येतं, पण एवढ्या उशिराचं कारण पटवावं लागेल. लोक वर्षानुवर्षं चावडीचे उंबरे झिजवतात आणि तेवढ्यात जमीन विकली जाते! सातबारा महसुलासाठी असतो, मालकी दिवाणी कोर्ट ठरवतं. वाटपाचा दावा लावा, सोबतच विक्रीवर तात्पुरत्या मनाईचा अर्ज. मावशीलाही दाव्यात घ्या.

शेंगाचटणी
मुदत संपली असेल का?

जुना_कारकून
एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळल्याचं कळल्यापासून बारा वर्षं. आईला कधी कळलं, ते वकिलाला खरं खरं सांगा.

माहेरवाशीण
वकिलाचं नाव इथं नको ओ. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आणि मामा आता गोड बोलून "फक्त एक सही" म्हणतील. ते हक्कसोडपत्र असतं. आमच्याकडं साडीचोळी करून दुय्यम निबंधकाकडं नेलं होतं की! माहेर टिकवायचं तर तडजोड करा, पण कोर्टापुढं, लेखी, हिस्सा धरून.

शेंगाचटणी
सोमवारी नकलेचा अर्ज देतो. आई अजून "बघू" म्हणतेय, मावशी मात्र तयार आहे.