ल्युपस आहे, मुलांना गाडीने समुद्रावर न्यायचंय. दिवस कसा आखावा?

सावलीतली

ल्युपसचं, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजाराचं, निदान होऊन काही वर्षं झाली. रोज हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, थोडं प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड), आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. सध्या आजार आटोक्यात आहे आणि प्रवासाला हरकत नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा नऊ. धाकट्याने समुद्र अजून प्रत्यक्ष पाहिलेलाच नाही. गाडी आमचीच, नवरा चालवणार, रस्ता साधारण नऊ तासांचा.

अडचण उन्हाची. ऊन लागलं की गाल आणि हात लाल होतात, ते मी सोसते. पण मग दोन-तीन दिवसांनी कणकण येते, सांधे धरतात, आणि उठवत नाही. त्यामुळे सगळे म्हणतात, भल्या सकाळी जाऊन या. सकाळी तर उठल्यावर तास-दीड तास माझी मूठ वळत नाही, जिना उतरवत नाही. अंग मोकळं होतं तोवर ऊन चढलेलं असतं.

नवऱ्याचं म्हणणं, पहाटे निघून एका दमात पोचू. मला इतका वेळ बसवत नाही.

आणि मुलगी. घराबाहेर पडलो की तिचं लक्ष माझ्या चेहऱ्यावर असतं. मी खुर्चीचा हात धरला तरी विचारते, "आई, दुखतंय का?" हे चार दिवस तिला माझ्यावर पहारा न ठेवता मिळावेत असं फार वाटतं. ज्यांनी दुखणं सांभाळून असा प्रवास केलाय त्यांनी सांगा. "जाऊ नका" एवढं मात्र नको, ते मी स्वतःला पुष्कळदा सांगून झालंय.

ओलीवाळू

सावलीताई, मलाही ल्युपसच, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

सकाळ सोडूनच द्या. संध्याकाळ तुमची. आपली सावली आपल्या उंचीहून लांब पडायला लागली की अतिनील किरणांचा जोर बराच उतरलेला असतो. घड्याळापेक्षा मी सावलीवर जास्त विसंबते, कारण ऋतू आणि जागा बदलली की घड्याळाचा हिशेब चुकतो. तोवर तुम्ही आत झोप काढा, सांधे शेका. मुलांना सकाळी बाबांबरोबर पाठवा.

छत्रीखाली बसलं की झालं, असं समजू नका. कोरडी वाळू साधारण १५ टक्के अतिनील किरण परत वर फेकते, लाटांचा फेस सुमारे २५ टक्के, शिवाय आकाशातून विखरून येतात ते वेगळेच. ढगाळ हवेतही ते येतात. म्हणून सावलीत असतानाही पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीचा सदरा, रुंद काठाची टोपी आणि एसपीएफ ५० चं सनस्क्रीन. ते दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा लावायचं. कान, मानेची मागची बाजू आणि पावलांची वरची बाजू हमखास राहून जाते.

गाडीतही लावा. समोरची काच दोन थरांची असल्याने यूव्हीए हा अतिनील किरणांचा प्रकार बहुतेक अडवते, बाजूच्या काचांतून मात्र तो बऱ्यापैकी आत येऊ शकतो. नऊ तास एकाच बाजूने ऊन येत राहिलं तर समुद्र दिसायच्या आधीच तुमचा त्रास सुरू होईल. निघताना सूर्य कुठल्या बाजूला राहील ते बघून बसायची जागा ठरवा.

एका दमात जाण्याबद्दल माझं मत ठाम आहे: नको. जमलं तर वाटेत मुक्काम करा. नाहीच जमलं तर दर तासाभराने उतरून चार पावलं चाला. हे फक्त अंग आखडू नये म्हणून सांगत नाहीये. ल्युपसमध्ये काहींच्या रक्तात अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी असतात, त्यांना रक्ताची गुठळी होण्याचा धोका जास्त असतो आणि तासन्‌तास बसून तो आणखी वाढतो. तुमची ती तपासणी झाली असेल तर रिपोर्ट काढून बघा आणि निघण्याआधी डॉक्टरांशी बोला.

चालायचं असेल तर पाण्यालगतच्या ओल्या, घट्ट वाळूवर चाला. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि घोटे, गुडघे दुखतात. बसायला उंच खुर्ची न्या, बुटक्या खुर्चीतून उठताना गुडघ्यांवर फार ताण येतो.

पुडीवाला

मला संधिवात आहे, मेथोट्रेक्सेट मीही घेतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी मला मळमळतं आणि अंग गळून जातं, म्हणून प्रवासाचा दिवस त्यावर येणार नाही अशी तारीख आधी बघतो. डोस मनाने पुढे ढकलू नका, डॉक्टरांना विचारून बदला.

गोळ्या दोन ठिकाणी ठेवा, चार दिवसांच्या वर थोड्या जास्त, प्रिस्क्रिप्शनसह. बंद गाडीत ठेवून उतरू नका. उलट्या होऊन प्रेडनिसोलोन पोटात टिकत नसेल तर वाट न बघता डॉक्टरांना फोन करा, स्टेरॉइड एकदम बंद होणं धोक्याचं असतं. पायाला चीर किंवा उघडी जखम असेल तर समुद्राच्या पाण्यात जाऊ नका. कोमट खाऱ्या पाण्यातल्या काही जिवाणूंचा संसर्ग आपल्यासारख्या, औषधांमुळे प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना फार जोरात होतो.

दुसरीमुलगी

मी तुमच्या मुलीच्या जागी होते. माझी आई आजारी असायची आणि बाहेर गेलो की हसतमुख राहायची. म्हणूनच मला तिच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवावं लागायचं. ती सांगणार नाही हे मला माहीत होतं. आणि ती थकली की सगळ्यांचाच खेळ थांबायचा, म्हणून तिला दुखतंय हे कळायची मला भीतीही वाटायची. आईचा राग यायचा आणि मग त्या रागाचीच लाज वाटायची. तेरा वर्षांची असताना हे कुणाला सांगता येत नाही.

मुलीला निघण्याआधी दोन गोष्टी सांगा. एक, मला परत खोलीवर जावंसं वाटलं की मी स्वतः मोठ्याने सांगेन, तू विचारायची गरज नाही. आणि मग खरंच सांगा, पहिल्याच संध्याकाळी, थोडं लवकरच. त्याशिवाय तिचा विश्वास बसणार नाही. दुसरं, मी उठले तरी तुम्ही पाण्यातच राहायचं, बाबा तिथेच थांबतील. तुम्ही एकट्या खोलीवर जाऊ शकाल इतक्या जवळ उतरा. बाकी कशावर तडजोड करा, यावर नको.

सावलीतली

दुसरीमुलगी, तुमचं उत्तर नवऱ्याला वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग नकाशा उघडून बसला. वाटेत मुक्काम ठरलाय. उतरायची जागा अशी शोधतोय की किनारा खिडकीतून दिसेल आणि मला जिना चढावा लागणार नाही.

मुलीशी काल बोलले. तिने विचारलं, "म्हणजे तू गेलीस तरी आम्ही अंधार पडेपर्यंत थांबू शकतो?" हो म्हटलं. त्यावर तिने लगेच भावाला हाक मारून सांगितलं. त्या प्रश्नात इतका उत्साह होता की मला क्षणभर लागलं, पण बरंही वाटलं.

ओलीवाळूताई, जुन्या फायलीत अँटिफॉस्फोलिपिडचा एकच रिपोर्ट सापडला, निदानाच्या वेळचा. तो आणि मेथोट्रेक्सेटच्या तारखा घेऊन सोमवारी डॉक्टरांकडे जातेय. पुडीवाले दादा, तुमच्या यादीतलं सगळं लिहून घेतलंय. उंच खुर्ची कुठली न्यावी तेवढं कुणी सांगा, घडी घालून गाडीच्या डिकीत मावायला हवी आणि तिला हात हवेत.