मदत हवी आहे: हाडाची गाठ, जायंट सेल ट्यूमर की कॉन्ड्रोब्लास्टोमा?

पॅथॉलॉजीतल्या मंडळींनो, कोल्हापुरातून विचारतोय. विशीतला रुग्ण, टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) वरच्या टोकाला, एपिफिसिसमध्ये (सांध्यालगतच्या भागात) लायटिक (हाड पोखरणारी) गाठ. ग्रोथ प्लेट बंद झालेली. एक्स-रे आणि एमआरआय पाहिलेत. बायोप्सीत जायंट सेल भरपूर, कॉन्ड्रॉइड (कूर्चेसारखा) भाग अगदी थोडा, चिकन-वायर कॅल्सिफिकेशन (पेशींभोवती जाळीसारखं कॅल्शियम) कुठेच नाही.

इम्युनो स्टेनमध्ये (ॲन्टिबॉडीने प्रथिनं रंगवून पाहिली तर) एस१०० मोजक्या पेशींत, तेही फिकट. पी६३ आणि एसएटीबी२ पॉझिटिव्ह, पण हे दोन्ही ट्यूमरमध्ये दिसतात, म्हणून त्यांच्यावर भिस्त ठेवत नाही.

आता हिस्टोन प्रथिनातले बदल दाखवणारे स्टेन, एच३.३ जी३४डब्ल्यू (जायंट सेल ट्यूमरसाठी) आणि एच३ के३६एम (कॉन्ड्रोब्लास्टोमासाठी), करायचेत. अडचण अशी की ब्लॉक (मेणात बसवलेला नमुना) नायट्रिक ॲसिडने डीकॅल्सिफाय झालाय (कॅल्शियम काढलंय), सौम्य ईडीटीएने नाही. त्यामुळे डीएनए सिक्वेन्सिंगचीही फारशी आशा नाही. जेमतेम पाच-सहा सेक्शन निघतील. गाठ सांध्याला लागून असल्याने पुन्हा बायोप्सी सर्जनना नको आहे, आणि डेनोसुमॅबचा (जायंट सेल ट्यूमरवरच्या औषधाचा) विचार या निदानावर अडलाय. पोराच्या गुडघ्याचा प्रश्न आहे, अंदाजावर रिपोर्ट द्यायचा नाही.

दोन्ही निगेटिव्ह आले तर ते खरंच निगेटिव्ह की ॲसिडने ॲन्टिजेन गेलं, हे ओळखायला सोबत कोणता कंट्रोल लावता? एच३के२७एमई३ (सामान्य पेशींतही दिसणारी हिस्टोनवरची खूण) चालेल का? आणि जी३४डब्ल्यू व के३६एम या दोन्ही ॲन्टिबॉडी पुण्या-मुंबईत कुठे नियमित लावतात?