ईमेलवरचा होकार चालतो, पण प्रपोजलमध्ये काय लिहिलंय?

प्रश्न असा आहे की क्लायंटने प्रपोजलवर (कामाच्या लेखी प्रस्तावावर) ईमेलने ‘चालेल’ कळवलं, तर वेगळा करार कशाला? होकार ग्राह्य धरला जातो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ नुसार करार निव्वळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून रद्द होत नाही. पण ‘वेबसाइट डिझाइन, ४० हजार’ एवढंच लिहिलं असेल तर पुढे वाद ठरलेला. पानं किती, बदल किती वेळा, मजकूर कोण देणार, हे त्यातच हवं.

कॉपीराइटकडे तर कुणी बघतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. १९५७ च्या कायद्यानुसार हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतात. म्हणून एजन्सीने आधी आपल्या फ्रीलान्स चित्रकाराकडून हक्क लिहून घ्यावेत. नाहीतर क्लायंटला देणार काय? आणि ‘पूर्ण पैसे जमा झाल्यावरच हक्क हस्तांतरित होतील’ हे वाक्य टाकाच.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) काम घेण्याआधी करा, फुकट आहे. मग लेखी मुदत काहीही असो, ४५ दिवसांच्या आत पैसे देणं क्लायंटला बंधनकारक. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. नोंदणी क्रमांक प्रपोजलवर आणि बिलावर छापा.

सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, गूगल डॉक्सही पुरतं. मंजूर प्रत पीडीएफ करून ठेवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेला वाढीव बदल त्याच दिवशी रकमेसकट ईमेलने पाठवा.