अनुभव धागा : जाणत्या गाइडबरोबरची इटली

रोम-फ्लॉरेन्स-पिसा-व्हेनिस अशी धावती इटली आपल्यापैकी बऱ्याच जणांची युरोपच्या मोठ्या टूरमध्ये उरकलेली असते. पिसाचा मनोरा हाताने सावरतानाचा फोटो तर घरटी एक. हा धागा त्या इटलीसाठी नाही. एखाददुसरा प्रांत धरून, तिथलाच गाइड घेऊन जे सावकाश फिरले त्यांच्यासाठी आहे. तोस्काना, उंब्रिया, पुलिया, लिगुरिया, कुठलाही प्रांत चालेल.

नव्याने जाणाऱ्यांसाठी आधी एक गोष्ट. टूर मॅनेजर वेगळा आणि गाइड वेगळा. इटलीत गाइडचा धंदा परवान्याचा आहे. आपल्यासोबत मुंबईहून आलेला मॅनेजर कितीही हुशार असला तरी संग्रहालयात उभं राहून माहिती सांगायला त्याला बहुतेक ठिकाणी मनाई असते. त्यामुळे प्रत्येक गावात नवा माणूस भेटतो, दोन-तीन तास आपल्याबरोबर चालतो आणि जेवणाच्या वेळेला निरोप घेतो. टूर चांगली की वाईट हे हॉटेलपेक्षा या माणसांवर ठरतं, असं माझं ठाम मत झालं आहे.

प्रश्न दोनच. गाइड नसता तर काय हुकलं असतं? आणि गाइड होता म्हणून काय हुकलं? कंपन्यांची नावं टाकू नका, नाहीतर धाग्याची जाहिरात तरी होते किंवा आखाडा तरी.

सुरुवात मीच करते. सिएनाचा पियाझ्झा देल काम्पो हा चौक फोटोत पाहून काहीच कळत नाही. लाल विटांचा, शिंपल्यासारखा एका बाजूला उतरता, पांढऱ्या दगडी रेघांनी नऊ भाग पाडलेला. मध्ययुगात इथे नऊ जणांच्या मंडळाची सत्ता होती, त्याची ती खूण. आमच्या गाइडबाईंनी आम्हाला सरळ जमिनीवर बसवलं आणि मग बोलायला लागल्या. गावात सतरा मोहल्ले आहेत, त्यांना कोन्त्रादा म्हणतात. प्रत्येकाचं स्वतःचं चर्च, संग्रहालय, निशाण. 2 जुलै आणि 16 ऑगस्टला याच चौकात पालिओ ही घोड्यांची शर्यत होते. एका वेळी दहाच मोहल्ले धावतात, तीन फेऱ्या, सगळा खेळ दीड मिनिटाच्या आसपास. घोडेस्वार पडला तरी चालतं, नुसता घोडा पहिला आला तरी मोहल्ला जिंकला. शर्यतीआधी घोड्याला चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद देतात.

नंतर गल्ल्यांमधून जाताना बाईंनी घरांच्या कोपऱ्यांवरच्या छोट्या फरश्या दाखवल्या. एकीवर गोगलगाय, पुढच्या वळणावर कासव. तिथे हद्द बदलते. बाई स्वतः हंस मोहल्ल्याच्या. मनोरा मोहल्ला त्यांचा हाडवैरी, पण त्याचं नाव काही त्यांच्या तोंडून निघेना. नवऱ्याचं नाव घ्यायला लाजणाऱ्या आजीसारख्या त्या ‘ते तिकडचे’ म्हणत राहिल्या! आम्ही मुद्दाम दोनदा विचारलं, तरी नाहीच.

रंकाळाकाठ

फ्लॉरेन्सला जाणाऱ्या मराठी माणसाने एक जागा यादीत घालावी, ती कुठल्याच टूरच्या यादीत नसते. शहराच्या पश्चिमेला आर्नो नदीकाठी कास्चिने नावाची लांबलचक बाग आहे. तिच्या अगदी टोकाला, मुन्योने नावाचा ओढा आर्नोला मिळतो तिथे, छत्रीखाली फेटा बांधलेल्या एका तरुणाचा अर्धपुतळा आहे. हे आमचे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. 1870 साली ते इंग्लंडला गेले होते. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि 30 नोव्हेंबरला वारले. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. दहनाची तिथे कोणाला सवय नव्हती, तरी खास परवानगी मिळाली आणि या संगमावर रात्री अंत्यसंस्कार झाले. स्मारक 1874 चं. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा, कोल्हापूरचा न्यू पॅलेस पुढे त्यांनीच आखला. पुतळा फुलर या शिल्पकाराचा.

आमच्या गाइडला हा पुतळा माहीत होता, पण ‘तो इंडियन’ एवढाच. शेजारून जाणाऱ्या मोठ्या पुलाचं नावच ‘पोन्ते आल्लिंदियानो’ म्हणजे इंडियनचा पूल. फ्लॉरेन्सचे लोक रोज ट्रॅफिकमध्ये त्या पुलावर अडकतात आणि हे नाव घेतात. हा इंडियन कोण, शाहू महाराजांच्या घराण्याशी त्याचा काय संबंध, हे मी त्याला सांगितलं. त्याने वही काढून लिहून घेतलं, स्पेलिंग दोनदा विचारलं. पैसे त्याला मिळाले आणि माहिती मी दिली, पण त्याचं काही नाही. गट उफिझी संग्रहालयात होता तेव्हा आम्ही दोघं नवरा-बायको हे करून आलो. उफिझी हुकलं, हे मान्य. तिथली बोत्तिचेल्लीची चित्रं पुढच्या जन्मी.

मीठमोहरी

वा! पत्ता आणि जायचं कसं ते नीट लिहा ना. आम्ही सप्टेंबरमध्ये जातोय.

माणगावकर

रंकाळाकाठ यांच्या प्रतिसादावरून लिहावंसं वाटलं. उंब्रियात असिसी आणि पेरुजा सगळे करतात. तिथूनच वर, तेव्हेरे नदीच्या खोऱ्यात, मोन्तोने नावाचं टेकडीवरचं गाव आहे. तेव्हेरे म्हणजे रोमची टायबर. दुसऱ्या महायुद्धात या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्री लढली. 10 जुलै 1944 रोजी नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर मशिनगनचा मारा झाला आणि ते सोडून सगळे पडले. ते एकटे त्या मोर्चावर धावून गेले, हातबॉम्ब टाकला, गोळ्या चालवल्या, नवी मॅगझिन भरायला वेळ नव्हता तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्यांना झोडपलं. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आमच्या माणगावात त्यांचा पुतळा आहे, लहानपणापासून तो पाहतच मोठा झालो.

जुलै 2023 मध्ये मोन्तोनेच्या लोकांनी त्यांच्या नावाचं स्मारक उभारलं, एक सूर्यघड्याळ. त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ, आपण सगळे एकाच सूर्याखाली. आमच्या टूरच्या कार्यक्रमात मोन्तोने नव्हतं. असिसीच्या गाइडला दुपारच्या मोकळ्या वेळाबद्दल विचारलं, तर त्याने स्वतःच फोन करून गाडी ठरवून दिली आणि म्हणाला, माझे आजोबा त्या उन्हाळ्यात डोंगरात लपले होते. गाडीवाला वाटेत एक शब्द बोलला नाही. परत सोडताना मात्र ठरल्यापेक्षा कमी पैसे घेतले.

घाडग्यांची समाधी कुठेही नाही. त्यांचं नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. रोमहून नेपल्सकडे जाणारी बहुतेक प्रत्येक टूरबस त्या गावाजवळून जाते, थांबत मात्र कोणी नाही. आरेत्झो आणि फोर्लीलाही भारतीय सैनिकांची दफनभूमी आणि दहन झालेल्यांची स्मारकं आहेत. कोणाच्या घरातलं कोणी त्या युद्धात इटलीत असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज या युद्धातल्या मृतांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या यादीत नाव आधी शोधा, मग टूर ठरवा.

कांदालसूणवर्ज्य

जेवणाचं कोणी लिहीत नाहीये, म्हणून मी.

पार्माजवळ पार्मिज्यानो चीजचा कारखाना दाखवतात. सकाळी लवकर जावं लागतं, काम सकाळीच होतं. तांब्याच्या उलट्या घंटेच्या आकाराच्या कढया, त्यात दूध फाटतं, मग दोघं मिळून तळातला गोळा कापडात धरून वर काढतात. एका चक्राला साधारण 550 लिटर दूध लागतं आणि चक्र भरतं चाळीस किलोच्या आसपास. कमीत कमी बारा महिने मुरवतात. गोदामात फळ्यांवर छतापर्यंत चक्रं रचलेली, आणि एक माणूस छोट्या हातोडीने टकटक करत आवाजावरून आत पोकळी आहे का ते ओळखतो. त्याने माझ्या हातात हातोडी दिली. मला सगळे आवाज सारखेच लागले.

आता मुद्दा. पार्मिज्यानोत दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट असतं, नियमानेच. पेकोरिनो या मेंढीच्या दुधाच्या चीजमध्येही बहुतेक प्राण्याचंच. कट्टर शाकाहारी असाल तर आधीच सांगून ठेवा, कारण पास्त्यावर ते न विचारता किसून टाकतात. भाज्यांच्या सूपचंही पाणी कधी कधी मांसाचं असतं. गाइडकडून इटालियनमध्ये कागदावर चार ओळी लिहून घ्या आणि प्रत्येक ठिकाणी वेटरला दाखवा. आमचा तो कागद शेवटी तेलकट होऊन फाटला.

शाकाहाऱ्यांनी सरळ पुलियात जावं. गरिबांचं जेवण म्हणून जे तिथे वाढतात ते आपल्या तोंडाला येतं. सुक्या फावा या वालासारख्या दाण्यांचं घोटलेलं वरण, वर कडसर पालेभाजी आणि ऑलिव्ह तेलाची धार. बारीच्या जुन्या गावात बायका दारात लाकडी पाट घेऊन ओरेक्क्येत्ते हा कानाच्या आकाराचा पास्ता वळत बसतात. सुरीच्या टोकाने कणकेचा तुकडा ओढला, अंगठ्यावर उलटा केला की झाला कान. तोस्कानाच्या पावात मीठ नसतं, त्याची तयारी ठेवा, नाहीतर स्वयंपाकी विसरला असं वाटेल.

डाळभातवाला

आम्ही स्वयंपाकाचा महाराज सोबत असलेल्या टूरने गेलो होतो. रोज रात्री वरण, भात, बटाट्याची भाजी. वरच्यांना हसू येईल, पण सत्तरीच्या आई-वडिलांना घेऊन जायचं तर हेच बरं. दिवसभर चालून आल्यावर नवीन चवींची परीक्षा द्यायची ताकद राहत नाही. ज्यांना इटालियन खायचं ते दुपारी खात होते.

अधूनमधून

रावेन्नाला फार कमी टूर जातात, बोलोन्याहून रेल्वेने साधारण सव्वा तास. गाल्ला प्लाचिदिया या रोमन सम्राज्ञीची पाचव्या शतकातली समाधी बाहेरून विटांची खोली वाटते. आमच्या गाइडने सगळं बाहेर अंगणातच सांगितलं. खिडक्यांना काच नाही, अलाबास्टर दगडाच्या पातळ पट्ट्या आहेत, त्यातून मधासारखा उजेड येतो. गर्दीच्या दिवसांत आत पाचच मिनिटं देतात, म्हणून आत मी एक शब्दही बोलणार नाही, तुम्ही आधी डोळे अंधाराला सरावू द्या, असं म्हणून त्याने माइक बंद केला. मग हळूहळू छतावर निळ्यात सोनेरी तारे दिसायला लागले, शेकडो. असा गाइड मिळाला तर वाट्टेल तेवढी टीप द्यावी.

तिथेच कवी दान्ते पुरलेला आहे. फ्लॉरेन्सने त्याला हद्दपार केलं, तो 1321 साली इथे मेला. नंतर फ्लॉरेन्सला त्याची हाडं हवी झाली, तर इथल्या साधूंनी ती लपवली, ती थेट 1865 मध्ये सापडली. आता दरवर्षी सप्टेंबरात समाधीवरच्या दिव्याचं तेल फ्लॉरेन्सहून येतं. फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये दान्तेचं भलंमोठं थडगं आहे, पण रिकामं.

फाटकी छत्री

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. चिंक्वे तेर्रे, लिगुरियाच्या कड्यांवरची पाच गावं. गटाने जाऊ नका. त्यातल्या वेर्नात्झाच्या एकुलत्या एका रस्त्यावर आमची पिवळी छत्री, मागून एका जहाजावरच्या लोकांची निळी छत्री, समोरून हिरवी. कानातल्या यंत्रात दुसऱ्याच गाइडचं फ्रेंच ऐकू येत होतं. कोर्निल्या हे गाव मात्र आम्हाला दाखवलंच नाही, कारण स्टेशनवरून वर 382 पायऱ्या आहेत आणि गटात गुडघेवाले जास्त. त्या गावांची खरी करामत म्हणजे डोंगरभर रचलेले सुक्या दगडांचे बांध, द्राक्षांसाठी. चुना नाही, सिमेंट नाही. देखभाल सुटली की डोंगर खाली येतो. हे मी परत आल्यावर वाचलं. गाइडने आइस्क्रीमचं दुकान दाखवलं.

दक्षिणदिशा

दक्षिण इटलीतल्या मातेरा गावाबद्दल थोडक्यात. डोंगरात कोरलेली घरं, सास्सी. 1952 च्या कायद्याने तिथून सुमारे 15,000 माणसांना नव्या वस्त्यांत हलवलं, कारण एकाच गुहेत माणसं, खेचर, कोंबड्या आणि मलेरिया. 1993 मध्ये तेच युनेस्कोच्या यादीत, 2019 मध्ये युरोपची सांस्कृतिक राजधानी. आमच्या गाइडची आजी हलवलेल्यांपैकी. जुन्या घराच्या गल्लीत आता महागडं हॉटेल आहे. ती म्हणाली, आजीला तिथे राहायला नेलं तर ती पहिलं विचारेल की खेचर कुठे बांधलं. आम्ही हसलो, ती हसली नाही.

म्युनिकहून

आमच्यासारख्या युरोपात राहणाऱ्यांना पूर्ण टूर परवडत नाही आणि गरजही नाही. रेल्वेने फिरा आणि प्रत्येक गावात अर्ध्या दिवसाचा परवानाधारक गाइड ठरवा. सहा-आठ जण असाल तर माणशी खर्च किरकोळ. सोमवारी उफिझी आणि डेव्हिडचं अकादेमिया दोन्ही बंद. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट, म्हणून त्या दिवशी लांब राहा.

टूरवाल्यांसाठी छुपे खर्च: हॉटेलात दर माणशी दर रात्री शहराचा कर, बहुतेक वेळा टूरच्या किमतीत नसतो. जेवणाच्या बिलात ‘कोपेर्तो’ नावाची रक्कम असते ती टीप नव्हे, टेबलावर बसल्याची. कॉफी उभ्याने प्या, बसलात की दर वाढतो. व्हेनिसमध्ये 2024 पासून ठरावीक दिवशी दिवसापुरत्या येणाऱ्यांना प्रवेशशुल्क आहे. मुक्कामी असाल तर माफ, पण आधी नोंदणी करावी लागते. आणि बसचालकावर चिडू नका. साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती हा तिथला कायदा आहे, तो मोडला तर दंड त्याला होतो.

गुडघेवाली

फाटकी छत्री, गुडघेवाल्यांना असं बोलू नका हो! सिएनाच्या स्टेशनवरून वर गावात जायला सरकते जिने आहेत, लागोपाठ कितीतरी. पेरुजालाही आहेत, तेही जुन्या किल्ल्याच्या पोटातून. आम्ही म्हाताऱ्या बायकांनी त्या जिन्यांसाठी दोनदा चक्कर मारली. बाकी दगडी रस्त्यांना चपला नकोत, जाड तळव्याचे बूट घ्या.

रंकाळाकाठ

मीठमोहरी, उशीर झाला. फ्लॉरेन्सच्या मुख्य स्टेशनाजवळून ट्राम घ्या आणि कास्चिनेच्या थांब्यावर उतरा. तिथून नदी डाव्या हाताला ठेवून पश्चिमेला चालत राहायचं. बाग साडेतीन किलोमीटर लांब आहे आणि पुतळा पार शेवटी, पूल दिसायला लागला की जवळ आलात. सावली भरपूर, पण पाणी सोबत ठेवा. मंगळवारी सकाळी बागेत मोठा बाजार भरतो. बायको बरोबर असेल तर त्या दिवशी तासभर जास्त धरा.